विजेच्या तारेपलीकडचे सहजीवन : कसब्याच्या आडापासून पवनारच्या रहाटापर्यंत

शहर सोडावे, डोंगराच्या कुशीत चार-सहा समविचारी कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी, विजेची तार नको, बाजाराची ओढ नको, पिकवावे आणि खावे, असा बेत पुण्याच्या मध्यवस्तीतील घरांतून आजही अधूनमधून रंगतो. सौर पट्ट्या स्वस्त झाल्यापासून तर या बेताला व्यवहार्यतेचे बळही मिळाले आहे. इंग्रजीतील ‘ऑफ-ग्रिड’ हा शब्द आता मराठी बोलण्यातही रुळला आहे. मात्र अशा वस्तीचा विचार करताना चर्चा बहुधा दिव्यांपाशी सुरू होते आणि दिव्यांपाशीच संपते. महाराष्ट्रात असे प्रयोग झाले आहेत, त्यांतील काही पाच-सहा दशके टिकले आहेत, आणि त्यांचा इतिहास पाहिला तर दिवा हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता असे दिसते. अवघड होते ते पाणी, त्याहून अवघड रोजचे निर्णय आणि सर्वांत अवघड, पुढची पिढी.

वाडा, आड आणि पानशेत

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. शहरात वीज आली ती विसाव्या शतकात. त्याआधीची सारी शतके ही पेठ तारेविनाच नांदली. वाड्याची रचनाच त्या जगण्याला अनुरूप होती. मधला चौक उजेड व वारा देई, जाड भिंती उन्हाळा अडवीत, परसात आड असे आणि आडावर रहाट. सांजेला समई किंवा कंदील, अंघोळीला चुलीवरचे किंवा बंबातले पाणी. शहराच्या काही भागांना अठराव्या शतकाच्या मध्यापासून, नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळाने मिळू लागले. ही व्यवस्था केवळ उतारावर चाले. वाटेतील उच्छ्वासांतून हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि पाणी शनिवारवाड्यापर्यंत व ठिकठिकाणच्या हौदांपर्यंत पोहोचे. इंधनाचा एक थेंबही त्यासाठी लागत नसे.

वाड्यातील ते जगणे सामूहिक होते, पण कोणी ठरवून पत्करलेले नव्हते. मालक आणि भाडेकरी यांना एकच आड वापरावा लागे, म्हणून पाण्याच्या वेळा, सोवळ्याओवळ्याचे नियम आणि भांडणे ठरून गेलेली असत. कोणाला पाणी मिळावे आणि कोणाला मिळू नये हे जातीनुसार ठरे, हेही विसरता येत नाही. जुन्या वाड्यांच्या आठवणींत हा भाग सहसा गाळला जातो.

नळ आल्यावर आड मागे पडले. त्यांची आठवण एकदा फार कठोरपणे झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. खडकवासला हाच शहराच्या नळाच्या पाण्याचा आधार होता. पूर ओसरल्यावर पुण्यात वीज नव्हती आणि नळाला पाणीही नव्हते. ज्या वाड्यांतील आड शाबूत होते, तेथे लोक पुन्हा पोहरे घेऊन उभे राहिले. पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या तसे अनेक आड बुजवले गेले. आज त्याच भूगर्भात कसबा पेठ हे मेट्रोचे स्थानक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते प्रवाशांना खुले झाले आणि अर्थातच ते पूर्णपणे विजेवर चालते.

शेजारच्या पेठेतील एकटी वाट

कसब्याला लागून असलेल्या बुधवार पेठेत, तांबडी जोगेश्वरीच्या परिसरात, डॉ. हेमा साने यांनी मात्र विजेची जोडणी कधी घेतलीच नाही. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले, त्या विभागाच्या त्या प्रमुखही होत्या. वनस्पतिशास्त्राबरोबरच प्राच्यविद्येचाही त्यांचा अभ्यास होता. ‘बुद्धपरंपरा आणि बोधिवृक्ष’ हे पुस्तक या दोन्ही विषयांच्या सांध्यावर उभे आहे. विहिरीचे पाणी, दिवसाच्या उजेडात लेखन-वाचन, रात्री घासलेटचा दिवा आणि अखेरच्या काळात एखादा सौर दिवा, भोवती झाडे, पक्षी, मांजरे. भर बाजारपेठेत त्या असे राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयी बरेच लिहिले गेले, बहुतेक वेळा नवलाच्या सुरात. त्या स्वतः याला व्रत म्हणत नसत. वीज उशिरा आली आणि तिच्यावाचून भागत होते, इतकेच त्यांचे म्हणणे असे. एकट्या माणसाच्या बाबतीत हे इतके सरळ असू शकते. दिवा लावायचा की नाही हे एकालाच ठरवायचे असते आणि त्याचा त्रासही एकालाच सोसायचा असतो. पंचवीस माणसे एकत्र राहू लागली की मात्र प्रत्येक दिवा हा ठरावाचा विषय होतो. कोणाचे डोळे अधू असतात, कोणाला इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते, कोणाच्या मुलाची परीक्षा असते. तेव्हा ‘आम्हांला वीज नको’ या वाक्यातील ‘आम्ही’ कोण, हा प्रश्न पुढे येतो. या प्रश्नाला महाराष्ट्रात सर्वांत चिकाटीने भिडलेली जागा वर्ध्याजवळ आहे.

धाम नदीकाठी

वर्ध्यापासून काही किलोमीटरवर, नागपूरच्या रस्त्याला, धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. विनोबा भावे १९३८ मध्ये प्रकृती खालावलेली असताना येथे राहावयास आले. नदी ओलांडून यायचे म्हणून त्यांनी या जागेला ‘परंधाम’ नाव दिले. जमीन खणताना तेथे प्राचीन शिल्पे निघाली. त्यांतील भरत-राम भेटीचे मानले गेलेले शिल्प आश्रमात आजही आहे.

आश्रमाची परंपरा त्याआधीची होती. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत १९०४ मध्ये फिनिक्स आणि १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्म ही केंद्रे उभारली. टॉलस्टॉय फार्मची सुमारे अकराशे एकर जमीन हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्राची होती. तेथे सत्याग्रहींची कुटुंबे शेती, सुतारकाम, चपला शिवणे असे सारे हाताने करीत. सत्याग्रहासाठी ती वसाहत होती आणि काही वर्षांतच ती मोडली. पुढे १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिले. माती-बांबूच्या त्या कुट्यांत एक तार मात्र आलीच. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावे म्हणून सरकारने टेलिफोन बसवला होता. जगापासून किती दूर राहायचे हे नेहमी आपल्याच हातात असते असे नाही.

विनोबांचा प्रयोग याहून टोकाचा होता. १९५० मध्ये त्यांनी परंधाममध्ये ‘कांचनमुक्ती’ आरंभली. पैशाचे दान घ्यायचे नाही, पैशाने विकत आणायचे नाही, जे पिकेल ते खायचे. शेतीही बैलांवाचून, केवळ माणसाच्या हातांनी. तिला त्यांनी ‘ऋषिशेती’ म्हटले. तरुण सहकाऱ्यांसह त्यांनी विहीर खणली आणि रहाटाला बैल न जुंपता आश्रमवासी स्वतःच तो फिरवू लागले.

यात किती श्रम होते याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. एक एकर भाजीपाल्याला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर सुमारे वीस हजार लिटर लागतात. विहीर दहा मीटर खोल धरली, तर तेवढे पाणी वर आणायला निव्वळ अर्धा युनिट वीज पुरावी इतकी ऊर्जा लागते. घर्षणात व सांडण्यात जाणारी धरली तर एक युनिटच्या आसपास. धडधाकट माणूस दिवसभर, आठ तास, न थांबता राबला तर सुमारे ०.६ युनिट इतके काम करतो. म्हणजे एका एकराच्या भाजीला रोज दोन माणसे पूर्ण दिवस रहाटावर. एका अश्वशक्तीचा साधा पंप हेच काम दोन तासांत उरकतो. विजेच्या बिलात ही रक्कम नगण्य दिसते. कांचनमुक्तीच्या वहीत ती दोन माणसांचे आयुष्य होती.

विनोबांना हे ठाऊक होते, किंबहुना त्यांना तेच अनुभवायचे होते. पण प्रयोग पुरता होण्याआधीच मार्च १९५१ मध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि ते तेरा वर्षे चालतच राहिले. पुरुषांच्या परंधाममधील कांचनमुक्ती मागे पडली ती अशी, पुढाऱ्याचे पाऊल दुसरीकडे वळल्यामुळे. अनेक वस्त्यांचा शेवट याच कारणाने होतो.

ब्रह्मविद्या मंदिर

याच जागेवर २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. हा स्त्रियांचा समूह. आजन्म ब्रह्मचर्य, शरीरश्रम आणि सामूहिक साधना हा त्याचा पाया. अध्यात्माच्या वाटेवर स्त्रीला आजवर एकटीनेच, बहुधा बंड करून, चालावे लागले. तिला समूहाचा आधार मिळावा, ही विनोबांची भूमिका होती. स्थापना झाली तेव्हा ते स्वतः पदयात्रेत होते. आश्रमात स्थिरपणे राहावयास ते आले ते १९७० मध्ये. म्हणजे पहिली अकरा वर्षे या बहिणींनी संस्थापकाच्या अनुपस्थितीत कारभार चालवला. आश्रम नंतर टिकला त्याचे एक कारण येथे शोधावे लागते.

दिनक्रमात पहाटेची प्रार्थना, शेतातील काम, गोशाळा, स्वयंपाक, सफाई, सूत, आणि छापखाना. ‘मैत्री’ हे हिंदी मासिक बहिणींनी स्वतः संपादित केले आणि स्वतःच छापले. आणीबाणीत, जून १९७६ मध्ये, गोवधबंदीसाठी उपोषणाचा विनोबांचा संकल्प ‘मैत्री’त छापला गेला तेव्हा पोलिसांनी आश्रमात येऊन तो अंक जप्त केला होता. निसर्गाच्या सान्निध्यात शांतपणे राहणाऱ्या वस्तीच्या दारातही राज्यसंस्था येऊन उभी राहते, ती अशी.

येथील सर्वांत विशेष गोष्ट मात्र शेतीची नव्हे, निर्णयाची आहे. आश्रमाला प्रमुख नाही. निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. एकीचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचे, पटेपर्यंत थांबायचे. कागदावर हे सुंदर दिसते. व्यवहारात याचा अर्थ असा की नवी विहीर, नवे यंत्र, नवी खोली, नव्या बहिणीचा प्रवेश यांतले काहीही घाईने होत नाही. बदल हवा असणारीला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागू शकते. पण बहुमताने हरलेला गट मनातून बाहेर पडतो आणि छोट्या वस्तीत हरलेला गट म्हणजे शेजारची खोली असते. सर्वसंमतीच्या संथपणाने पवनारला बहुधा यापासून वाचवले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा गेले. आश्रम त्यानंतरही चालू राहिला. अशा संस्थांच्या इतिहासात हे क्वचितच घडते. पण आजन्म ब्रह्मचर्याच्या समूहाला स्वतःची मुले नसतात. पुढची बहीण बाहेरूनच यावी लागते आणि तिने सारे सोडूनच यावे लागते. पहिल्या पिढीतील अनेक जणी याच आवारात वृद्ध झाल्या. रहाट ओढणारे हात थकले की ऋषिशेतीचे काय होते, हा पवनारपुढील खरा प्रश्न आहे आणि सौर पट्टी त्याला उत्तर देत नाही.

कुटुंबाची दुसरी तऱ्हा

याच्या नेमके उलट उदाहरण भामरागडच्या जंगलात आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात नद्या चढल्या की महिनोन्‌महिने संपर्क तुटे. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्या. कार्यकर्ते एकत्र जेवत, एकत्र राबत. शिकाऱ्यांकडून आलेल्या अनाथ पिल्लांपासून तेथील प्राण्यांचे गोकुळ वाढत गेले. १९७६ मध्ये निवासी शाळा सुरू झाली. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हेमलकशाने वीज नाकारली नव्हती; ती नव्हती म्हणून तिच्यावाचून चालवले. वीज आली तेव्हा दवाखान्याने ती घेतली, आणि ते योग्यच होते. निसर्गाशी जुळवून राहणारा माडिया गोंड समाज तेथे मुळातच राहत होता. त्याला औषध आणि शिक्षण हवे होते, साधेपणाचा धडा नव्हे. पुण्या-मुंबईहून निसर्गाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हेमलकशाची दुसरी पिढी घरातूनच उभी राहिली आणि मुले-सुना कामात उतरल्या. पवनारला जे अशक्य ते येथे झाले. मात्र येथे संस्था आणि कुटुंब यांतील रेषा पुसट होते. पवनारला तो प्रश्नच उद्भवत नाही.

आजचा हिशेब

आज कोणी अशी वस्ती उभारू पाहत असेल तर काही आकडे उपयोगी पडतील. एक किलोवॉटची सौर पट्टी आपल्याकडे स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हे प्रमाण बरेच घसरते आणि नेमका तेव्हाच दिवा जास्त वेळ लागतो. नऊ वॉटचे दहा एलईडी दिवे पाच तास जाळले तरी अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. म्हणून प्रकाश ही अडचण उरलेली नाही. अडचण पंप, पिठाची गिरणी, शीतकपाट आणि ठराविक वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी यांची आहे. बॅटरी परसात पिकत नाही. तिच्यासाठी बाजारात जावेच लागते.

स्वयंपाकाचे गणितही असेच. चुलीवर माणशी दिवसाला साधारण एक किलो सरपण धरले तर पंचवीस जणांच्या वस्तीला वर्षाला नऊ टन लाकूड हवे. निसर्गप्रेमाच्या नावाने वसलेल्या वस्तीने शेजारचा डोंगर बोडका करावा, असे यातून सहज घडू शकते. गोबर गॅस घ्यावा तर एका गाईच्या दिवसाच्या दहा किलो शेणातून सुमारे ०.४ घनमीटर वायू मिळतो, आणि एका माणसाच्या स्वयंपाकास पाव घनमीटरच्या आसपास लागतो. पंचवीस जणांसाठी पंधरा-सोळा गाई, त्यांचा चारा, त्यांचे पाणी. आणि ते पाणी पुन्हा त्याच विहिरीतून.

जमिनीचा प्रश्न कायद्याचा आहे. महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या, कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे गटातील एखाद्या शेतकरी सदस्याच्या नावावर जमीन घेण्याची पळवाट निघते. सुरुवातीला मैत्री असते, कागद कोणी पाहत नाही. दहा वर्षांनी सदस्य वारतो, वारस येतात आणि वस्ती कोणाची हे सातबारा सांगतो. सार्वजनिक विश्वस्त संस्था किंवा सहकारी संस्था हे मार्ग उपलब्ध आहेत. पण त्यांत विश्वस्त, निवडणुका, लेखापरीक्षण हे सारे येते, ज्याला कंटाळून माणसे शहर सोडतात तेच.

हा धोका काल्पनिक नाही. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी पुदुच्चेरीजवळ वसलेल्या ऑरोव्हिलने उजाड माळाचे जंगल करून दाखवले. जगभर त्याचे कौतुक झाले. १९७३ मध्ये श्रीमाताजींच्या निधनानंतर मात्र मालकी आणि अधिकार यांवरून संस्था व रहिवासी यांच्यात वाद पेटला, केंद्र सरकारला हस्तक्षेप करावा लागला आणि १९८८ मध्ये संसदेने ऑरोव्हिलसाठी स्वतंत्र कायदा केला. २०२१ नंतर नियोजित रस्त्यांसाठी झाडे तोडण्यावरून तेथे पुन्हा संघर्ष झाला. प्रकरण हरित लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. झाडे लावणारे आणि नकाशा धरून बसलेले, दोघेही एकाच स्वप्नाचे वारस होते.

मुळशी, भोर या भागांत ‘निसर्गसान्निध्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भूखंडांची गणना येथे करण्याचे कारण नाही. तेथे कुंपण सामाईक असते, विहीरही क्वचित सामाईक असते. रोजचे श्रम सामाईक नसतात, ते गावातून आलेल्या मजुरांचे असतात.

पवनारला दरवर्षी नोव्हेंबरात, विनोबांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, ‘मित्र-मिलन’ भरते. देशभरातून सर्वोदयी कार्यकर्ते, शिक्षक, काही तरुण-तरुणी येतात, दोन-तीन दिवस राहतात, प्रार्थनेत आणि चर्चेत सहभागी होतात आणि परततात. आश्रमाचे दार त्यांना वर्षभर मोकळे असते. मात्र कायम राहण्याची इच्छा कोणी तरुणीने व्यक्त केलीच, तर तिलाही आधी काही काळ तेथील जगणे जगून पाहावे लागते, आणि मग तिच्याविषयीचा निर्णय सर्वसंमतीनेच होतो.